हलता ठिपका

११ फेब्रुवारी

पोहोचले एकदाची. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगर, आणि नेवासा फाट्यापर्यंत शेजारच्या गृहस्थांचा कोपर माझ्या बरगडीत. शेवटी मी त्यांना विचारलं की, हा अवयव तुमचाच आहे ना, मग जवळ ठेवायला काय हरकत आहे? पुढचा प्रवास सुखाचा झाला.

घर मात्र फार छान आहे. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे पाणी. जायकवाडीचं पाणी फुगून इथपर्यंत येतं आणि आता हळूहळू मागे सरतंय. पुढच्या बाजूला गाव, पण मधे मोठं सपाट रान. धरणाचा गाळ उघडा पडतो त्यात हरभरा पेरलाय. झाड नाही, झुडूप नाही. मधोमध विजेचा एक जुना खांब, तोही तारा नसलेला. घराजवळ एक बाभूळ, पलीकडे गावाच्या तोंडाशी दुसरी. इतका उजेड आणि इतकी शांतता मला मेट्रन म्हणून निवृत्त झाल्यापासून मिळाली नव्हती.

ग्रेस, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, इथे चतुरांच्या, म्हणजे पाण्यावर उडणाऱ्या त्या पारदर्शक पंखांच्या किड्यांच्या, मेंदूचा अभ्यास करते. माणसांचे मेंदू संपले का, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, मावशी, चतुराचा जास्त कामाचा असतो. आता ती दीड महिना परदेशात आहे. तोवर टाक्यांतल्या चतुराच्या पिल्लांना डासांच्या अळ्या घालायच्या, एवढंच माझं काम. आतल्या खोलीत तिची यंत्रं आहेत. मेणाने चिकटवलेला एक लाल चतुर, त्याच्या डोक्यात केसाहून बारीक तार, ती एका स्पीकरला जोडलेली. चतुरासमोर पडद्यावर काळा ठिपका हलवला की त्याच्या मेंदूतली एकच पेशी बोलते आणि स्पीकर टिकटिक करतो. हा चतुर ग्रेस जायच्या आधीच मेला. पण सगळं बॅटरीवर जुळवलेलं आहे, हात लावू नकोस, असं तिने बजावलंय.

शाळेत सिस्टर्सनी रोज झोपण्याआधी दिवसभरातले दोष लिहायची सवय लावली. ती अजून आहे. फक्त वयोमानानुसार त्यात इतरांचेच दोष जास्त येतात.

१३ फेब्रुवारी

स्वयंपाकाला ग्रेसनेच लावून दिलेली कडूबाई आजपासून आली. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं, म्हणजे नेणाऱ्यालाही नको वाटावं. चाळिशीची, धिप्पाड, तोंडाला कुलूप नाही. मला आवडली. पण तिचं येणं!

मी ओट्यावर चहा पीत होते. रानातून एक राखाडी ढीग चालत आला. चार पाय. बाभळीखाली आल्यावर ढिगातून कडूबाई निघाली आणि तिचा नवरा बिभीषण निघाला. दोघांच्या डोक्यावरून पायापर्यंत एकच जाडजूड वाकळ, ठिगळांची गोधडी. ती त्यांनी बाभळीच्या फांदीवर टाकली. गावाचा रिवाज म्हणे. हे रान दिवसा कुणी एकट्याने ओलांडत नाही. दोघं-तिघं वाकळीखाली चिकटून जातात. वाकळ एकच. ती ज्या काठाला असेल तिथून माणसं निघणार. पलीकडे असली तर हाक मारून वाट बघत बसायचं, नावेसारखं.

कशासाठी, असं विचारलं तर कडूबाई म्हणाली, "एकटं दिसू नये मानसानं, म्याडम. वाकळंत दोघं असली की मोठं दिसतं." दिसायचं कुणाला? तर म्हणे, आमाला काय म्हाईत. मग म्हणाली उन्हासाठी असंल. बिभीषण म्हणाला पूर्वी नव्या नवरींची लाज राखायला सुरू झालं. संध्याकाळी कडूबाईने कुत्र्यांचं कारण दिलं. आणि रात्री? रात्री काही नको, रात्री खुशाल एकटं फिरा, असं दोघंही म्हणाली. मी म्हटलं, जगात सगळीकडे भुतं रात्री येतात, तुमचंच नोकरदार दिसतंय.

कडूबाई इतकी हसली की तिला बसावं लागलं.

१६ फेब्रुवारी

आज मी वाकळ जाळली.

तिच्याजवळ जाऊन पाहिली तेव्हाच ठरवलं. गावातल्या प्रत्येक घरचं एकेक ठिगळ, कित्येक पावसाळ्यांचा वास, शिवणीत उवांची अंडी. अख्खं गाव ते डोक्यावरून घेतं! आमच्या वॉर्डात असलं काही सापडलं असतं तर मी तिघींना घरी पाठवलं असतं. कडूबाई भाकरी थापत होती तोवर मी बाभळीखाली पाचोळा गोळा केला आणि काडी लावली. ती धावत आली तेव्हा निम्मी जळली होती. तिने पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाली, "म्याडम, आता मी घरला जाऊ कशी?"

मी म्हटलं, पायांनी. चल, मी सोडते. पण ती हलेना. अंधार पडायची वाट बघत बिभीषणबरोबर ओट्यावर बसून राहिली. मग मीच छत्री घेतली आणि भर दुपारी, एकटी, रान ओलांडून गावापर्यंत गेले आणि परत आले. ताठ मानेने. गावच्या बाभळीखाली बसलेली माणसं उठून उभी राहिली. मला वाटलं आदराने. त्यातली एक म्हातारी पदर तोंडावर घेऊन घरात गेली.

हरभऱ्यात खांबाशेजारी एक बुजगावणं दिसलं. तेवढंच काय ते राखणदार.

१८ फेब्रुवारी

स्पीकर बिघडलाय. आज सकाळी आतल्या खोलीतून टिकटिक ऐकू आली. उंदीर असेल म्हणून मी उठले, तर टिकटिक वाढली. थांबले, थांबली. चतुर तसाच स्टँडवर वाळलेला. मी हात वर केला. टिकटिक. हात खाली. टिकटिक. कडूबाई आली (आता ती दोन चादरी जोडून घेऊन बिभीषणबरोबर येते, वाऱ्याने त्या उडतात, वाकळ जड असायची, ती म्हणते) तेव्हा तिला खोलीभर झाडू मारायला लावला. स्पीकर गप्प. मी पदर सारखा केला. टिकटिक.

ग्रेसला फोन केला. ती हसली. म्हणाली, मेलेल्या चतुराचं काही नसतं, आजूबाजूच्या मोटारपंपाचं येत असेल. मग नेहमीप्रमाणे शिकवायला लागली. चिलटांचा थवा असला तरी चतुर एकच चिलट निवडतो. एकदा निवडलं की ती पेशी फक्त त्याच्यासाठी बोलते. बाकीची जणू नाहीतच. आणि ती लहान, एकट्या, हलत्या गोष्टीसाठीच बोलते. मोठं काही हललं तर गप्प राहते.

मोठं. दोघं असली की मोठं दिसतं.

हे मी तिला सांगितलं नाही. साठी उलटलेल्या, सिस्टर्सच्या हाताखाली शिकलेल्या बाईने काय सांगायचं? वाकळ जाळली आणि आता घाबरले, असं? कडूबाईच्या नजरेला नजर देताना मात्र कानशिलं गरम झाली.

२० फेब्रुवारी

बुजगावण्याबद्दल.

ते स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. खांबाला अगदी लागून, डावीकडे. ओट्यावरूनही दिसतं. खांबाला लागून, डावीकडे. आज मी ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याच्याकडे बघत चालले. मग अंगणात उतरून कुंपणाच्या कडेने. मग पार टाक्यांपर्यंत.

खांबापुढे काही उभं असेल तर आपण सरकलो की ते खांबापासून सुटायला हवं. आगगाडीच्या खिडकीतून पाहिलेल्या कुणालाही हे कळतं. ते सुटलं नाही. मी जिथे जाईन तिथून ते खांबाला लागूनच होतं. म्हणजे मी सरकत होते तेव्हा तेही सरकत होतं. नेमकं तेवढंच.

कडूबाईला विचारलं की हरभऱ्यातलं बुजगावणं कुणाचं. ती हात पुसत खिडकीशी आली, बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "कुटं हाय? तितं तर काईच न्हाई, नुस्ता खांब हाय."

दुपारी पुन्हा पाहिलं. काल त्याचं डोकं खांबाच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं.

२२ फेब्रुवारी

ग्रेसला सहज विचारल्यासारखं विचारलं, चतुर चिलटाच्या मागे लागतो तेव्हा चिलटाला कळत कसं नाही. ती खूश झाली. म्हणाली, तीच तर गंमत आहे मावशी! तो असा उडतो की चिलटाला तो एकाच जागी उभा दिसतो. मागच्या एखाद्या फांदीशी तो स्वतःला जुळवून घेतो. चिलट वळलं की हाही वळतो. चिलटाला वाटतं, काही नाही, फांदी आहे. फक्त तो मोठा मोठा होत जातो. आणि चिलट आता आहे तिथे तो जात नाही, ते पुढच्या क्षणी असेल तिथे जातो. ती पेशी पुढची जागा आधीच धरून ठेवते.

किती वेळा पकडतो, मी विचारलं.

जवळजवळ नेहमीच, ती म्हणाली.

आजपासून टिकटिक माझ्या आधी येते. उठायचं मनात आलं की टिकटिक, मग मी उठते. रात्री मात्र अगदी शांत. दिवस मावळायची मी वाट बघते. रात्रीला भिणाऱ्या किती पोरींना मी ड्यूटीवर झापलं असेल, आणि आज खाटेवर बसून सकाळ होऊ नये म्हणून जपमाळ ओढते आहे. लाज वाटते.

२४ फेब्रुवारी

आज मी जे केलं ते लिहिते. सिस्टर्स म्हणायच्या, दोषाला आडनावासकट लिहा.

सकाळपासून ओट्यावर खुर्चीत निश्चल बसले होते. स्पीकर गप्प. पाणी प्यायचं नाही, मान वळवायची नाही. ते बुजगावणं आता कुंपणापलीकडे होतं आणि खांबाहून उंच दिसत होतं. वारा नव्हता, तरी त्याच्या अंगावरचं कापड थरथरत होतं.

बिभीषण आला नाही. वाकळ जाळणाऱ्या बाईकडे तू जायचं नाही, असं त्याने कडूबाईला सांगितलं होतं. ती भांडून निघाली. म्याडम काल जेवल्या न्हाईत, म्हणून. हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की ती एकटी, चादर काखेत गुंडाळून, डोक्यावर डबा घेऊन बाभळीपाशी आलीये.

मी बसल्या जागेवरून हाक मारली. मला सगळं माहीत होतं. एक ठिपका थांबलेला असेल आणि दुसरा समोरून पळाला तर काय होईल, हे मला ठाऊक होतं. मी ओरडले, कडूबाई, पळत ये! लवकर! पळ!

तिला वाटलं मला काही झालं. ती डबा टाकून धावली. अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माझ्यासमोरून.

टिकटिक तिच्याबरोबर गेली.

तिने माझा हात धरला, काय झालं विचारलं. मी म्हटलं, काही नाही, चक्कर आली होती. तिने मला साखरपाणी दिलं. मी ते प्यायले.

२५ फेब्रुवारी

गाढ झोपले. दोन भाकरी खाल्ल्या. बुजगावणं मला दिसत नाही. खिडकीतून नुसता खांब.

कडूबाई स्वयंपाकघरात भांडी घासते आहे आणि आतल्या खोलीत टिकटिक चालू आहे. मी मोठ्याने रेडिओ लावला.

२७ फेब्रुवारी

कडूबाईने विचारलं, "म्याडम, तुमी म्हणत हुत्या ते बुजगावणं, ते लाल हाय का?"

हसत विचारलं. पण खिडकीकडे पाठ करून. काल घरी तिच्या परसातून दिसलं म्हणे, आज इथून, दोन्हीकडून खांबालाच चिकटलेलं. कडूबाई अडाणी असेल, मूर्ख नाही. शेवटी मी सगळं सांगितलं. पळ म्हणाले तेसुद्धा.

तिने शिवी दिली नाही. फक्त म्हणाली, "मी तर तुमच्यासाटी पळाले वो."

उशिरापर्यंत शिवत होते. माझ्या सगळ्या चादरी, दोन्ही घोंगड्या, हिवाळी कोट, निवृत्तीच्या दिवशी मिळालेली शाल. जड व्हायला हवी. बिभीषण अंधारात घराघरातून ठिगळं मागत फिरला. लोकांनी दिली. माझ्यासाठी नाही, कडूसाठी.

२८ फेब्रुवारी

वाकळ झाली. कडूबाई कालपासून माझ्याकडेच, कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. अंधारात घरी जा म्हटलं तर तिचे पाय उचलत नाहीत. तिथं गेल्यावर दिवस उगवनारच न्हवं, म्हणते.

टिकटिक तिने श्वास घेतला तरी. घ्यायच्या आधी.

मी तिच्यासमोरून पळून पाहिलं. घरात जमत नाही. भिंती मोठ्या, मी त्यांच्यात हरवते. मोकळं हवं. ऊन हवं. वाकळीखालून थेट गावात, माणसांच्या गर्दीत पोचायला हवी ती. आणि तोवर इथे दुसरं काहीतरी, एकटं, हलतं —

उद्या.

१ मार्च

अंगणात खुर्ची टाकून बसले आहे. वही मांडीवर. स्पीकर खिडकीत आणून ठेवलाय. बिभीषण आणि कडूबाई दाराआड, वाकळीखाली, दगडासारखी. मी अंगणभर धावले. या वयात. हात हलवत, छत्री फिरवत, वेड्या बाईसारखी. बिभीषण वाकळीच्या फटीतून बघत होता. बघू दे.

टिकटिक माझ्याकडे आली. ओळखीची वाटली.

ती दोघं निघाली आता. चार पाय. सावकाश. मी थांबले तर रानात हलणारं तेवढंच उरेल, आणि वाकळ कच्च्या शिवणीची. धावायचा दम संपला. म्हणून लिहिते आहे. हात हलतो आहे. तेवढं पुरतं त्याला.

काय लिहू. काहीही. वॉर्ड नंबर चार, सकाळची पाळी, बेडपॅन, थर्मामीटर. हे मरिये कृपापूर्णे. कोपरवाल्या गृहस्था क्षमा कर.

ते दिसतंय. खांब दिसत नाही, त्याने झाकला. कुंपणाच्या आत. कापडं नव्हेत ती — मी कापडं समजत होते ते — आरपार दिसतंय त्यातून, शिरा आहेत —

दोघं खांबाच्या पुढे गेली.

टिकटिक शब्दाच्या आधी येते. मी काय लिहिणार ते त्याला —

पेन ठेवलं तर. नुसतं ठेवलं तर थांबेल. एकदा केलंय, जमतं मला. साखरपाणीही प्यायले होते. नाही. नाही. लिही पुष्पावती. लिही, घोडे, लिही.

चेहरा नाही. सगळे डोळेच.

गावच्या बाभळीपाशी पोचली. पोचली! माणसं धावली पुढे. वाकळ काढली. कडूबाई वळली — एकटीच पुढे आली — मला हात हलव —

नको. टिकटिक अडखळली. हात खाली कर बाई, खाली, मी लिहिते आहे अजून, तिकडे नाही, इकडे, इकडे बघ, मी इथे आहे, मी हल